टाके पडले, पण निजायचे कुठे?

आरोग्य-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय काळजी घ्यावी, याबद्दल पत्रे नेहमीच येतात. या वेळी मात्र पाच पत्रे अशा रुग्णांबद्दल आली, ज्यांना ‘घरी’ म्हणावे असे काही नाहीच. म्हणून हा अंक त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

प्रश्न : म्हापसा बाजारात आमचे दुकान आहे. ओझी वाहणारा एक इसम गेली काही वर्षे आमच्याच व्हरांड्यात झोपतो. पोटात अल्सर फुटल्यामुळे गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) त्याचे ऑपरेशन झाले आणि आठव्या दिवशी तो पोटाला पट्टी बांधून परत व्हरांड्यात आला. पाऊस सुरू झाला आहे. आम्ही दोन-तीन दुकानदार मिळून काय करू शकतो? — एक व्यापारी, म्हापसा

उत्तर : पहिली गोष्ट आजच करा. त्याच्या खिशात अंगदुखीची गोळी असेल तर ती काढून घ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या जठराचे आतले अस्तर पोखरतात. ओझी वाहणारे लोक पाठदुखीवर त्या रोज घेतात, तेही उपाशीपोटी, आणि अल्सर फुटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. आता टाके दुखतात म्हणून कोणी कळवळून तीच गोळी दिली, तर आत शिवलेल्या जागेशेजारी दुसरा अल्सर व्हायला वेळ लागत नाही. दुखलेच तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर, दिवसाला चारच. वजन कमी असलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाला याहून जास्त देऊ नये, यकृतावर ताण येतो.

त्याच्या कार्डावर बहुधा जंतूंवरच्या दोन गोळ्या आणि आम्ल कमी करणारी एक कॅप्सूल असा चौदा दिवसांचा कोर्स लिहिलेला असेल. तो अर्धा सोडला तर जंतू मरत नाहीत, वर औषधाला सरावतात. उघड्यावर झोपणाऱ्याच्या गोळ्या भिजतात, हरवतात, चोरीलाही जातात. म्हणून पाकिटे तुमच्या गल्ल्यात ठेवा आणि सकाळी शटर उघडताना व रात्री बंद करताना एकेक डोस हातावर द्या. तुमचा रविवार सुटीचा असेल तर शनिवारी रात्री दोन जास्तीच्या पुड्या बांधून द्या.

जखमेकडे दोन वेगळ्या नजरांनी बघावे लागते. वरची कातडी दहा-चौदा दिवसांत जुळते आणि टाके निघतात. पाहणाऱ्याला वाटते, झाला बरा. पोटाच्या भिंतीचा आतला जाड पडदा मात्र सहा आठवड्यांनीही मूळच्या निम्म्याच्या आसपासच बळकट असतो. त्यामुळे सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचे नाही. पाण्याची भरलेली बादली पंधरा किलोची असते, मासळीचा क्रेट तर त्याच्या दुप्पट. सहाव्या आठवड्याआधी त्याने क्रेट खांद्यावर घेतला तर टाक्यांच्या रेषेतून आतडे फुगून बाहेर येते. त्याला आपण हर्निया म्हणतो, आणि तो दुरुस्त करायला पुन्हा ऑपरेशन लागते. ओझ्याचे काम तीन महिने नको. पण तो ते करणार, कारण न उचलले तर त्या दिवशीचे जेवण नाही. तुम्ही त्याला बसून करायचे काम दिलेत, कांदे निवडणे, पिशव्या भरणे, गल्ल्याजवळ राखण, तर कोणत्याही औषधाहून त्याचा उपयोग जास्त होईल.

आता पाऊस. कोरडी पट्टी बाहेरची घाण अडवते. तीच भिजली की वातीसारखी होते आणि बाहेरचे पाणी जंतूंसकट आत ओढून घेते. व्हरांड्यात वाऱ्याबरोबर येणारी झड आणि फरशीवरचे ओघळ हे दोन शत्रू. खाट मिळाली तर उत्तमच. नाही तर चार फळकुटे विटांवर ठेवून एक फूट उंची करा, वर ताडपत्री आणि कोरडी गोधडी घाला. पट्टी भिजली तर ‘उद्या बदलू’ नको, त्याच दिवशी शहरी आरोग्य केंद्रात ड्रेसिंग करून घ्या. जखम कोरडी असली तर घरी राहणाऱ्याला दोन दिवसांनंतर पट्टीशिवायही चालते. बाजारात धूळ आणि माशा असल्याने झाकलेलीच बरी. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात किडे दिसू लागतात. त्यावर रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन ओतण्याचा गावठी उपाय मुळीच करू नका, मांस जळते. थेट इस्पितळात न्या.

धोक्याची एक खूण तुमच्या नोकरालाही शिकवून ठेवा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पट्टीवर अचानक पातळ, गुलाबीसर पाणी भरपूर येऊ लागले तर आतले टाके सुटत आहेत असे समजावे. खोकल्याबरोबर काही बाहेर आले तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापड उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून त्यावर ठेवा, त्याला गुडघे वाकवून उताणे निजवा, पाणीही पाजू नका आणि १०८ ला फोन करा. खोकला येईल तेव्हा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी पोटावर दाबून धरायचा, हे त्याला आजच करून दाखवा. ताप, जखमेभोवती वाढती लाली, पू, एकाच पोटरीला सूज, धाप यांपैकी काहीही दिसले तरी वाट बघू नका.

जेवणाचे म्हणाल तर आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात. पेज पचते, पण एका वाडग्यात दोन-तीन ग्रॅमच प्रथिन असते. जखम भरायला पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम लागते. तीन अंडी (१८ ग्रॅम), अर्धा लिटर दूध (१६), एका मध्यम बांगड्याचे शंभर ग्रॅम मांस (१९) आणि दोन वाट्या घट्ट डाळ (१२) एवढ्यात ६५ ग्रॅम होते. वरून पोदेराचे (पाववाल्याचे) दोन उंडे, म्हणजे गोल पाव. एका वेळी पोटभर नको, पाच-सहा वेळा थोडे थोडे. तीन दुकानांत वाटून घेतले तर कोणा एकावर भार येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री सार्वजनिक शौचालय बंद होते म्हणून असे रुग्ण संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग मलावरोध होतो, कुंथावे लागते, पोटावर ताण येतो. लघवीला जळजळ आणि पायात रक्ताची गुठळी हेही त्यातूनच वाढते. दुकानामागच्या संडासाची किल्ली सहा आठवड्यांसाठी त्याला द्या. आणि शुक्रवारच्या बाजाराला बाहेरचे विक्रेते पहाटेच येऊन व्हरांडे धरतात. त्या दिवशी त्याला उठवून हाकलले जाणार नाही, एवढे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवासात) सत्तरी उलटलेल्या एक बाई राहायला आल्या आहेत. खुब्याचे हाड मोडून अर्धा सांधा बदलला आहे. मुलगा नेत नाही. त्या चटईवर झोपतात. समितीत मतभेद आहेत. त्यांना ठेवावे का, आणि ठेवल्यास कसे? — देवस्थान समितीचा एक सदस्य, फोंडा तालुका

उत्तर : चटई आजच काढा. मतभेद नंतर मिटवता येतील.

जमिनीवरून उठताना खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि पाय आत वळतो. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असेल तर नेमक्या याच हालचालीत नवा गोळा खोबणीतून निसटतो. साधारण सहा ते बारा आठवडे, त्यांच्या सर्जनने सांगितले असेल तितके दिवस, तीन गोष्टी वर्ज्य : मांडी घालणे किंवा उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे, बसल्या जागेवरून खाली वाकून काही उचलणे. देवळात राहणाऱ्या बाईला यातली शेवटची सर्वांत जड जाते. नमस्कार उभ्यानेच करायचा, हे पुजाऱ्यांकडूनच सांगवा, त्यांचे ऐकतील.

खाटेची उंची गादीसकट अठरा ते वीस इंच हवी. बसल्यावर गुडघा खुब्याच्या खाली राहिला पाहिजे, ही सोपी खूण. आपल्याकडच्या जुन्या खाटा बुटक्या असतात. पायांखाली सारख्या मापाचे लाकडी ठोकळे घाला आणि ठोकळ्यांना खळगा करून घ्या, नाहीतर खाट घसरते. कुशीवर वळताना दोन पायांमध्ये जाड उशी. खुर्ची हाताची हवी, प्लॅस्टिकची हलकी नको, कारण रेटा देऊन उठताना ती मागे सरकते. भारतीय संडासावर ठेवायचे लोखंडी कमोड-स्टूल मिळते. ते नसेल तर त्या चोरून उकिडव्या बसणारच. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर दिवा जळत राहू द्या आणि वाटेतली पायपुसणी उचला. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात.

रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन किंवा गोळी बहुधा २८ ते ३५ दिवस लिहिलेली असते. ती कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. टाके बारा-चौदा दिवसांनी निघतात, पण तेवढ्यावर हे औषध थांबवायचे नसते. एकाएकी कळ येऊन पाय आखूड दिसला आणि आत वळला तर सांधा निसटला आहे. ओढून बसवायचा प्रयत्न नको, १०८.

ठेवावे का, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : बारा आठवडे ठेवा, आणि पहिल्याच दिवशी तसा लेखी ठराव करा. मुदत ठरलेली असली की विरोध करणारेही नरमतात आणि पुढची सोय शोधायला वेळ मिळतो. त्या वेळात तीन दारे ठोठवा. सार्वजनिक साहाय्य संस्था, म्हणजे आपली प्रोव्हेदोरिया, वृद्धाश्रम चालवते. तिथे अर्ज करा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे. आणि २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे मुलाविरुद्ध अर्ज करता येतो. वकील लागत नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो. बाईंना लिहिता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने अर्ज करू शकते. मात्र नोटीस हातात पडलेला मुलगा आईला कमोड-स्टूल आणून देईलच असे नाही. पैशांचा आदेश मागा, पण ज्या घरातून त्यांना काढले त्याच घरात परत पाठवायचा आग्रह धरण्यापूर्वी त्यांना एकट्याने विचारा.

प्रश्न : माझा सहकारी बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर मल गोळा करणारी पिशवी आली. वास येतो म्हणून बाकीच्यांनी शेडमधून बाहेर काढले. आता तो अर्धवट बांधलेल्या इमारतीत झोपतो. पिशवी रोज गळते. — एक कामगार, वास्को

उत्तर : पिशवी नीट बसली असेल तर वास येत नाही. वास येतो म्हणजे गळते, आणि गळते याची बहुधा दोनच कारणे. एक तर चिकटपट्टीच्या चकतीचे भोक मोठे कापले आहे. ते पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. पहिल्या दोन महिन्यांत सूज उतरत जाते, म्हणून दर आठवड्याला कागदावर माप घेऊन नव्याने कापावे लागते. दुसरे कारण, पिशवी पूर्ण भरेपर्यंत तो थांबतो, कारण रिकामी करायला आडोसा नसतो. एक तृतीयांश भरली की रिकामी केली पाहिजे, नाहीतर वजनाने चकती सुटते. घामामुळे आपल्याकडे चकती दोन-तीन दिवसांतच बदलावी लागते. कातडी साध्या पाण्याने धुऊन टिपून पूर्ण कोरडी करा. डेटॉल, वासाचा साबण, पावडर, तेल काही नको, त्यावर गोंद धरत नाही.

त्याला झाकणाचा प्लॅस्टिक डबा द्या. आत आधी कापलेल्या दोन चकत्या, चार पिशव्या, छोटी कात्री, मऊ कापड, जुनी वर्तमानपत्रे, बांधायच्या थैल्या, अर्धा लिटर पाण्याची बाटली. डबा पत्र्याखाली उन्हात ठेवू नका, गोंद वितळतो.

पिशवीत काय येते तेही बघा. घट्ट असेल तर मोठ्या आतड्याची, फार काळजी नाही. पातळ पाण्यासारखे असेल तर लहान आतड्याची. ते दिवसाला दीड लिटरच्या वर गेले तर शरीरातले मीठ वाहून जाते. इथे नेमकी चूक होते : तहान लागली म्हणून तो बाटल्या बाटल्या साधे पाणी पितो आणि पिशवी अधिकच भरते. साधे पाणी कमी करून ओआरएस द्या, एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, घोट घोट दिवसभर. पाय वळणे, चक्कर, लघवी कमी होणे दिसले तर त्याच दिवशी इस्पितळात न्या. आतड्याच्या त्या तोंडाचा रंग ओठांच्या आतल्या भागासारखा लालसर ओला असावा. काळा-जांभळा झाला तर थांबू नका.

अशी पिशवी पुष्कळदा तात्पुरती असते आणि सुमारे तीन महिन्यांनी आतडे पुन्हा जोडता येते. ही तारीख त्याच्या कार्डावर लिहिली आहे का? नसेल तर ओपीडीत विचारून लिहून घ्या. ठिकाणा बदलत राहणाऱ्या रुग्णाची ती तारीख कोणी त्याला शोधत येऊन कळवत नाही.

प्रश्न : मडगावात आम्ही काही तरुण रेल्वे स्टेशनजवळच्या बेघरांना मदत करतो. इस्पितळे अशा रुग्णांना घाईने सोडतात. बरे होईपर्यंत खाट द्यायला काय हरकत आहे? आणि त्यांना कोणत्या सरकारी योजना चालतात? — एक कार्यकर्ती, मडगाव

उत्तर : तुमचा राग समजतो, मागणी मात्र पटत नाही. सर्जिकल वॉर्डची खाट सहा आठवडे अडली तर दारात दुसरा रुग्ण थांबतो, आणि वॉर्डातले जंतू हट्टी असतात, तिथे जास्त दिवस राहणेही सुरक्षित नाही. हवी असते ती मधली जागा : खाट, संडास, दोन वेळचे जेवण, दिवसातून एकदा नर्स. अमेरिकेत बोस्टन आणि वॉशिंग्टनमध्ये १९८५ पासून अशी विश्रांती-केंद्रे चालतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून, रुग्ण बेघर आहे असे दिसले तर त्याच्या संमतीने स्थानिक प्रशासनाला कळवणे इस्पितळावर बंधनकारक आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या निकषांत शहरातल्या दर एक लाख लोकांमागे किमान शंभर जणांचा कायम निवारा आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा धरली होती. नगरपालिकेकडे मागणी करताना हे आकडे घेऊन जा. आणि निवारा दिवसाही उघडा हवा, असे ठासून सांगा. सकाळी सातला बाहेर काढणारा निवारा ताज्या टाक्यांच्या रुग्णाला निरुपयोगी आहे.

तोवर तुमचे काम डिस्चार्जच्या दिवशी नाही, दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. वॉर्डातल्या सिस्टरना आणि वैद्यकीय समाजसेवकांना भेटून सांगा की या रुग्णाला घर नाही. पत्त्याच्या रकान्यात जुन्या गावाचा पत्ता असतो आणि तो पाहून डॉक्टर ‘घरी विश्रांती, रोज ड्रेसिंग’ लिहून मोकळे होतात. त्या रकान्यात चालू असलेला एक फोन नंबर घाला, चहाच्या गाड्याचा चालेल. डॉक्टरांना विचारा : दिवसातून चारदा घ्यायच्या गोळीऐवजी एकदा-दोनदा घ्यायची देता येईल का? इंजेक्शनऐवजी गोळी? आपोआप विरघळणारे टाके? पुष्कळदा होकार मिळतो. फक्त वेळेवर कोणी विचारलेले नसते.

असे बरेच रुग्ण न सांगता निघून जातात आणि मग त्यांना बेजबाबदार म्हटले जाते. कारण बहुधा साधे असते. रोज दारू घेणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरकाप सुरू होतो. दोन-तीन दिवसांनी भ्रम, झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. दाखल होतानाच खरे सांगितले तर त्यावर औषध असते. त्यामुळे सांगायला लाजू नका, किती आणि शेवटची कधी घेतली तेही सांगा. दुसरे कारण म्हणजे त्याचे गाठोडे. स्टेशनवर ठेवलेल्या त्या गाठोड्यात आधार कार्ड, चादर, कुठल्याशा मुलीचा फोन नंबर असतो. ते कोणी सांभाळेल याची खात्री पटली तर माणूस वॉर्डात टिकतो. एक कपाट आणि कुलूप, एवढे तुमच्या गटाला आजच जमण्यासारखे आहे.

योजनांबद्दलही विचारले आहे. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेला गोव्यात किमान पाच वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातले असले तरी संलग्न इस्पितळात चालते, आणि त्यात डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांची औषधेही येतात. निघतानाच ती मागून घ्या.

प्रश्न : मधुमेहामुळे गुडघ्याखाली पाय कापलेला एक गृहस्थ आमच्या गावच्या बसथांब्यावर असतो. इन्सुलिन कुठे ठेवायचे? माठात चालेल का? — एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : वापरात असलेली कुपी फ्रिजशिवाय सुमारे चार आठवडे टिकते, पण तापमान तिशीच्या वर जाता कामा नये. माठ गार होतो तो पाणी बाहेर झिरपून उडून जाते म्हणून. कोरड्या हवेत ते छान जमते, आपल्या दमट हवेत जेमतेम दोन-चार अंश, पावसाळ्यात तेवढेही नाही. शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा आणि सुई तिथेच द्या. जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन नको. टोचून घेतले आणि जेवण आलेच नाही, असे रस्त्यावर वारंवार होते. घाम, थरथर, बरळणे दिसले तर तो शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८.

कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाखाली उशी ठेवू नका, गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाही. बाकावर बसल्यावर तो पाय लोंबकळत ठेवू नये, समोर दुसऱ्या बाकावर सरळ ठेवावा. दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटे पालथे निजायला सांगा. सुजेसाठी पट्टी आठच्या आकड्यासारखी, टोकाला घट्ट आणि वर सैल, तीन-चार वेळा सोडून बांधायची. उलटे बांधले तर टोक फुगते. कुबड्यांच्या खालची रबरी बुटे दर महिन्याला उलटी करून बघा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर तो घसरणारच. बदलायला फार खर्च येत नाही.